घाबरलेला हत्ती

हत्तीच्या संवादाच्या फुग्याची कड एका सेंटिमीटरमध्ये चार वेळा थरथरली होती. मागच्या महिन्यात दोनदाच. स्वरालीने भिंग खाली ठेवलं. कॉमिक्समध्ये थरथरता फुगा म्हणजे घाबरलेलं पात्र, आणि हत्ती तर हसत होता. हातात तीन कामं होती: मुलांचं मासिक, विज्ञानाची चित्रकथा, एक चित्रकादंबरी. शब्द तिचे, चित्रं दादाची. त्याला कंपवात असल्याचं कळल्यापासून ती कामांमागून कामं घेत सुटली होती, त्याचा हात थांबू नये म्हणून. आता तिन्हींतली पात्रं भेदरून बोलत होती. "संपादक विचारतायत, हत्ती का घाबरलाय?" तिने दादाला विचारलं. "कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला आहे. रोज पुणेकर बघायला लागतात त्याला," दादा म्हणाला. हसताना त्याने डाव्या हाताने उजवा टेबलावर दाबून धरला. तिने त्याच्या बोटांतलं पेन सोडवलं, टोपण लावलं. "दादा," ती म्हणाली, "तिन्ही कामं आजच सोडून देऊ. तू आता थांब."