तंबाखूचं पाणी

मेघना सकाळपासून ठाकुर्लीच्या त्या टीचभर गॅलरीत बसून ऑर्किडवरचे पिठ्या ढेकूण काढत होती. कान साफ करायच्या काडीला स्पिरिट लावायचं आणि पान जिथं खोडाला चिकटतं त्या बेचक्यात ती हलकेच फिरवायची. लांबून वाटायचं, कुणीतरी पीठ सांडलंय. काडी लागली की पिठाला पाय फुटायचे. एक बेचकं साफ होईपर्यंत दुसऱ्यात तेच दिसायचं. स्पिरिट सासूबाईंच्या, भीमाबाईंच्या, ड्रेसिंगच्या डब्यातलं होतं.

काल कल्याणला डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, राकेशला, आत बोलावलं. भीमाबाईंना बाहेर बाकावरच बसवलं. गालाचं ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढला, तरी दुखणं परत आलं होतं आणि आता मानेत उतरलं होतं. "फार तर दोन-तीन महिने," डॉक्टर म्हणाले. "आता सुया टोचून हाल नका करू. त्यांच्या मनासारखं वागू द्या." बाहेर यायच्या आधी राकेशनं डोळे पुसले आणि मेघनाला बजावलं, "आईला यातलं काही कळता कामा नये." भीमाबाईंना सांगितलं, सगळं ठीक आहे, महिन्यानं परत दाखवायचंय.

राकेश रात्रभर कूस बदलत रडला. मेघनाला रडू आलं नाही. आज तो ड्युटीवर गेला, तिनं दांडी मारली आणि गॅलरीत येऊन बसली. हात आपले चालत होते. आत काहीच हलत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

भीमाबाई पदरानं गाल झाकत आल्या आणि उंबऱ्यापाशी स्टुलावर टेकल्या.

"अजून तेच का? कोळसा खाणारं झाड तुझं. त्याला कीडपण हट्टीच लागणार."

माती नाही, नुसते कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, त्यात हे महागडं झाड कसं जगतं, याचं त्यांना पहिल्यापासून हसू यायचं. ऑपरेशननंतर त्यांचे शब्द जड झाले होते. बाहेरच्याला दोनदा विचारावं लागायचं, घरच्यांना सवय झाली होती.

"साबणाचं पाणी मारलं, निंबोळीचं तेल मारलं," मेघना म्हणाली. "चार दिवस बरं दिसतं. मग परत येते." तिनं काडी परत स्पिरिटात बुडवली.

"तंबाखूचं पाणी मार. आम्ही गावाला वांग्यावर तेच मारायचो."

"घरात तंबाखू कुठून आणू, आई?"

तंबाखूचं नाव या घरात सहज निघत नसे. जन्मभर भीमाबाईंची सकाळ मिश्रीनं व्हायची. तव्यावर तंबाखू भाजायची, बोटानं चुरायची आणि हिरड्यांना चोळत बसायची. ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात राकेशनं मिश्रीची डबी कचऱ्यात टाकली आणि आईला शपथ घातली. पहारा मात्र मेघनाचा. उशीखाली बघ, पिशवी झटक, तोंडाचा वास घे. त्यापायी दोघींची कितीदा तरी जुंपली होती. शेजारच्या विमलाबाईंसमोर भीमाबाई तिला जेलर म्हणायच्या, आणि ते निम्मंच गमतीत असायचं.

भीमाबाई उठल्या. आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा मूठ मिटलेली होती. त्यांनी ती मेघनासमोर उघडली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली प्लास्टिकची पुडी होती, आणि पुडीत तंबाखू.

"घे. भाजलेली नाही. भाजली असती तर वासावरून पकडलं असतंस तू." त्या तिच्याकडं न बघता बोलत होत्या. "कधीतरी चिमूटभर धरते दाढेला. आता बोल काय बोलायचं ते. पण झाडाचं आधी बघ."

एरवी मेघनानं घर डोक्यावर घेतलं असतं. राकेशला तिथल्या तिथं फोन लागला असता. बोलायचे ते सगळे शब्द तिच्या तोंडापर्यंत आले, नुसत्या सवयीनं. ती उठली, हात धुतले आणि पुडी घेऊन स्वयंपाकघरात गेली. एका टाकाऊ पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि त्यात निम्मी तंबाखू सोडली. पाणी हळूहळू तांबूस झालं, उग्र वास सुटला. दारात उभ्या असलेल्या भीमाबाईंनी तो खोल ओढून घेतला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"सगळी टाक," त्या म्हणाल्या. "टाक म्हणते ना. मागं ठेवलीस तर राकेश मला सोडायचा नाही. टाक, मी नाही मागणार परत."

मेघनानं पुडीचं तोंड दुमडलं. चिंधी पहिल्यासारखीच गुंडाळली, गाठ मारली. मग सासूबाईंचा हात धरून पुडी त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि एकेक बोट मिटवलं.

"राहू द्या तुमच्याकडं," ती म्हणाली. "त्यांना मी नाही सांगणार."

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं. भीमाबाई हलल्या नाहीत. मुठीकडं बघत राहिल्या, मग सुनेच्या तोंडाकडं. जड जिभेवर शब्द जुळायला त्यांना जरा वेळ लागला.

"किती दिवस म्हणाले गं?"