फितीवरचे नाव

पतीचे नाव ओठांवर न आणणे हीच जिथे पत्नीची निष्ठा मानली जाते, तिथे ते नाव प्रेमाने उच्चारणे हा अपराध की उपासना, याचा निर्णय शास्त्र क्वचितच करते. तो बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या मुद्रेवर वाचावा लागतो. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या माघातील एका दिवेलागणीला चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली हेमावती आपल्या सासूच्या मुद्रेवर तो शोधत होती, आणि तिथे तिला काहीच दिसत नव्हते.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागील गल्लीतले ते घर. सोप्यात घोंगडीवर मधोमध टेपरेकॉर्डर ठेवलेला. हेमावतीचा नवरा सिद्धलिंगप्पा याचा तो एकुलता एक छंद. चादरींच्या मागण्या घेत तो गावोगाव फिरे, आणि घरी असला की कानावर पडेल तो आवाज फितीवर धरून ठेवी. गड्ड्याच्या जत्रेतील पाळण्यांची करकर, लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात कंडक्टरशी झालेली हुज्जत, आईचे जात्यावरचे कानडी पद. हेमावतीची मऊच राहिलेली पहिली कडक भाकरी मोडताना न झालेला आवाजसुद्धा त्याने भक्तिभावाने टिपला होता.

सकाळी टेंभुर्णीला निघताना तो हळूच म्हणाला होता, "समद्यांचा आवाज हाय ह्यात. तुझ्या तोंडून माझं नाव तेवढं न्हाय."

दुपारी सासूबाई गुरम्मा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्या, तेव्हा हेमावतीने पदाच्या पुढील कोऱ्या फितीवर ते नाव घेतले. आधी चोरट्या स्वरात. मग परसातून हाक मारावी तसे. शेवटी खोटे खोटे रागावून. तो आला की त्याला एकट्यालाच ऐकवायचे, असा तिचा बेत होता. पण दुपारच्या गाडीने यायचा सिद्धलिंगप्पा दिवे लागले तरी आला नाही. आल्या त्या शेजारच्या ईरम्मा, गुरम्मांचे पद ऐकायला.

पद संपताच यंत्र बंद करायचे म्हणून हेमावती त्याला खेटून बसली होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बसलीस काय? चहा आण की ईरम्माला." ती कपबशा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली, तोच सोप्यात तिचाच आवाज उमटला.

"सिद्धलिंगप्पा." मग जरा मोठ्याने, "सिद्धलिंगप्पा, ताट वाढलंय. येता का न्हाय?"

फीत फिरत राहिली.

"आमच्या सासूनं तर तोंडात मिरची कोंबली असती बघा," ईरम्मा म्हणाल्या. "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतंय म्हणत्यात, गुरक्का. आन् पोरगं अजून वाटंवरच हाय."

इतका वेळ हेमावतीला भय होते ते लाजेचे. आता ते निराळे झाले. उघड्या खिडकीतून दिसणाऱ्या गल्लीकडे तिने एकदा पाहिले आणि कपबशा खाली ठेवल्या.

"चुकलं माझं, आत्याबाई. आत्ता पुसून टाकते मी ते."

"पुसू नगं."

गुरम्मांनी कपाळावरून पदर सारखा केला. त्यांच्या त्या मोकळ्या कपाळावर भस्माच्या तीन रेघा तेवढ्या होत्या. त्या ईरम्मांकडे वळल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता.

"सव्वीस वरसं नांदले मी. एकदाबी नाव घेतलं न्हाय. तापाच्या भरातबी न्हाय. ऱ्हायले का ते?"

गुरम्मांनी यंत्र आपल्याकडे ओढले.

"हेमा, ते आवाज धरायचं लाल बटण दाब."

"कशाला, आत्याबाई?"

"दाब म्हणते न्हवं."

हेमावतीने बटण दाबले. गुरम्मांनी गळ्यातील इष्टलिंग मुठीत घेतले आणि बहिऱ्या माणसाच्या कानाशी झुकावे तशा त्या यंत्राकडे झुकल्या. ओठ दोनदा हालले. स्वर आला नाही. इतक्या वर्षांच्या मौनाला वाट कोणती, हे जिभेला एकाएकी सापडेना.

"वीरभद्रप्पा," त्या म्हणाल्या.

मग थोडे थांबून, शेताच्या वाटेवर चार पावले पुढे गेलेल्या माणसाला थांबवावे, तशा मोठ्याने, "वीरभद्रप्पा."

त्याच क्षणी दाराची कडी वाजली.

"कुणाला हाक मारतीस, अव्वा?" धुळीने माखलेला सिद्धलिंगप्पा दारात उभा होता. "मोहोळला गाडी बंद पडली. दोन तास रस्त्यावर बसवलं बघ."

ईरम्मांनी पदर डोळ्यांना लावला. हेमावती पाणी आणायला धावली, आणि त्या धांदलीत यंत्र बंद करायचे राहून गेले.

ती फीत त्या घरात अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर एका वृद्धेने दोनदा घेतलेले नाव आहे. त्यापाठोपाठ कडीचा आवाज, तांब्या खाली ठेवल्याचा आवाज, आणि बऱ्याच वेळाने, फीत संपता संपता, कडक भाकरी मोडल्याचा स्वच्छ, खणखणीत आवाज.

जिथे जिथे कोणी कोणाला नावाने साद घालते, तिथे तिथे दाराची कडी अशीच वाजत राहो.