पाचपैकी तीन

"छत्री, लिंबू, पायरी, सुई, पोपट," पडद्याआडून शिंप्यानं धडाधड म्हणून दाखवलं.

"पाचपैकी पाच!" डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर घड्याळजीच्या बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी शिंप्याची बायको, निवृत्त मास्तरीणबाई, ओठ हलवत बसली होती. जप करत असावी. आता कशाला हवाय जप?

दर तपासणीला तेच पाच शब्द, पण घड्याळजीला नऊ महिने आठवायचे ते तीनच. ‘पायरी’वर जो थांबायचा, तो थांबायचाच.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मेंदूतल्या पेशी रसायनातून एकमेकींना निरोप धाडतात. या दोघांच्या डोक्यातला तो निरोप्या आता दमलाय. गोळी त्याला टिकवून धरते. पण हा प्रयोग आहे. काही डब्यांत खरी गोळी, काहींत नुसती भुकटी. कुणाला काय, ते पाकिटात बंद.

पाकीट कशाला फोडायला हवं? दिसतच होतं की!

"तुमचेही होतील पाच, वहिनी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "धीर धरा."

"आम्हाला कसली घाई? जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं पुढे-मागे केली आम्ही."

दोघी हसल्या. एकीचे दात दिसले नाहीत.

तिला पाच नकोच होते. भिंतीवर सतरा घड्याळं टांगलेली असताना नवरा रोज सकाळी तिलाच विचारायचा, "राणीसरकार, किती वाजले?" चाळीस वर्षांची थट्टा. तेवढी राहावी. बस.

पुढच्या तीन महिन्यांचे डबे मिळाले. मास्तरीणबाई नवऱ्याला आणायला उठल्या.

"पिशवी बघा हं जरा."

डबे सारखे, गोळ्या सारख्या. क्रमांक फक्त झाकणावर. दोन झाकणं, दोन गिरक्या, अदलाबदल. दुकानात याहून नाजूक कामं केली होती तिनं.

तीन महिने गेले.

"छत्री," घड्याळजी म्हणाला, आणि भिंतीकडे बघत राहिला.

शिंप्याचे पाच. जुना साठा उरला असेल मेंदूत, तिनं मनाची समजूत घातली. आपल्याला लागू पडायला वेळ लागेल.

प्रयोग संपला होता. डॉक्टरांनी चौघांना समोर बसवून पहिलं पाकीट फोडलं.

"शिंपीकाका... नुसती भुकटी?"

मास्तरीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला माहीत होतं, डॉक्टर. घरी मला ओळखतसुद्धा नाहीत. तुमचे पाच शब्द तेवढे मी रोज पाढ्यांसारखे घोकून घ्यायचे. गुण घसरले की प्रयोगातून नाव कमी करतात, असं ऐकलं होतं."

डॉक्टरांनी दुसरं पाकीट फोडलं.

"खरी गोळी तुमच्याकडे होती, वहिनी. नऊ महिने टिकवलंही होतं तिनं. मग आताच काय झालं?"

घड्याळजीनं अदबीनं तिच्याकडे वळून विचारलं, "बाई, किती वाजले हो?"