खालची वाळू

देसांकाने मिलुतिनच्या नावाची मेणबत्ती पेटवली आणि देवळातल्या मेणबत्त्यांच्या घडवंचीच्या खालच्या कप्प्यातल्या वाळूत खुपसली. वरचा कप्पा जिवंतांचा, खालचा मेलेल्यांचा. मिलुतिन जिवंत होता. कालच बाजारात तिने त्याला कोबी निवडताना पाहिलं होतं.

वैऱ्यावर प्रेम कर, त्याच्यासाठी प्रार्थना कर, त्याशिवाय ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही, असं पाद्रीबुवांनी तिला बजावलं होतं. मेणबत्ती लाव म्हणाले, कुठे लाव ते म्हणाले नाहीत. नंतर त्यांच्या ते लक्षातही आलं. पण या बाईकडून वैऱ्यासाठी मेणबत्ती निघते आहे हेच पुष्कळ, असा विचार करून ते तेवढ्यापुरते छताकडे बघत.

वरच्या कप्प्यात तिने दुसरी मेणबत्ती लावली. ही वेसेलिनची, तिच्या मुलाची. वेसेलिन आणि मिलुतिन एकाच ट्रकमधून लढाईवर गेले होते. मिलुतिन एकटा परतला. "जंगलात ताटातूट झाली, मावशी. पुढचं मला माहीत नाही," एवढंच म्हणाला. सोबत्याला टाकून पळालेला माणूस आणखी काय म्हणणार? लढाई संपली. सीमा हलल्या. ज्यांनी ती सुरू केली ते पेन्शनीत निघाले. वेसेलिन बेपत्ताच राहिला. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, असा देसांकाचा हिशोब होता, आणि तो चुकीचा ठरवायला कुणी आलं नव्हतं.

दार करकरलं. मिलुतिन आत आला. या देवळात तो कधीच येत नसे. टोपी हातात, कोट अंगावर नुसता टांगलेला. बायका बाजूला सरकल्या. त्याने एक मेणबत्ती पेटवली आणि वाकून खाली लावली.

"आईबाप धडधाकट आहेत तुझे," देसांका म्हणाली. इतक्या वर्षांत ती प्रथमच त्याच्याशी बोलत होती. "खाली कुणाला लावतोस?"

"नका विचारू, मावशी."

"का? नाव घ्यायची लाज वाटते?"

"वेसेलिनला."

"वर लाव! डोळे फुटले का, मेल्या? वर लाव ती!"

मिलुतिन हलला नाही. "द्रिना नदी ओलांडत होतो. त्याचा हात माझ्या हातात होता. मग नव्हता." त्याला खोकल्याची उबळ आली. "दर रविवारी लावतो मी त्याला. पलीकडच्या गावात जाऊन. तुम्हाला दिसू नये म्हणून."

"मग त्या दिवशी खोटं का बोललास?"

"तुम्ही दार उघडलंत आणि माझ्या पाठीमागे बघितलंत. तो येतोय का म्हणून. माझी जीभच उचलेना. नंतर तुम्ही गावभर मला शिव्या द्यायला लागलात. म्हटलं, देऊ देत. मला शिव्या देतायत तोवर त्यांच्यापुरता तो जिवंत आहे."

"आणि आज दया संपली होय रे?"

"आता बसमध्ये चढवत नाही. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा काही दिसायचा नाही. माझ्यामागे खाली त्याला लावणारं कुणी उरणार नाही, मावशी. तुम्ही तर वर लावता."

पाद्रीबुवा छताकडे बघत होते. या वेळी त्यांना खरोखरच तिथे बघावं लागलं.

देसांकाने खालच्या वाळूतून मिलुतिनच्या नावाने लावलेली आपली मेणबत्ती उपटली. वर नेऊन वेसेलिनच्या मेणबत्तीशेजारी रोवली. मग वेसेलिनच्या मेणबत्तीकडे हात नेला. हात हवेतच थांबला. मिलुतिनच्या मेणबत्तीचं मेण तिच्या बोटांवर थिजत गेलं.

"ही तू खाली ने, लेकरा," ती मिलुतिनला म्हणाली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं."