चाकातला हार

विमान नाक धावपट्टीवर घासत थांबलं. मी विमानाच्या मालकाच्या, शेठच्या बायकोला बाहेर काढून कडेला बसवलं आणि वाकून पाहिलं. पुढचं चाक पोटातच अडकलं होतं. दसऱ्याच्या पूजेचा हार पडू नये म्हणून शेठनी त्या चाकाला तारेनं आवळला होता. ती तार बिजागरीत गेली होती.

शेठ धावत आले ते थेट विमानाच्या इंजिनियरकडे. "लिही, चाक खाली घ्यायला पायलट विसरली!"

"विसरले? चाकाचा खटका ओढून ओढून हात सोलला माझा!"

शेठ माझ्याकडे वळले. "मॅडम, हार लिहिला तर विम्याचे पैसे बुडतील. तुमचं लायसन काय, वर्षभरात परत मिळेल."

उड्डाणाआधी इंजिनियरनं वाकून न बघताच चाक तपासल्याची सही ठोकली होती. आता मात्र पक्कड घेऊन तो तार कापायला वाकला.

मी चाकापुढे फतकल मारली. "चौकशीवाले येईपर्यंत हात लावून दाखव."

"उचला हिला!" शेठ जमलेल्या माणसांवर गरजले.

त्यांची बायको कपाळाचं रक्त पुसत उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. नवऱ्याला म्हणाली, "मी वाचले का, तेवढं विचारलं नाहीत. आता उचला दोघींना."