जुन्या नावाला ओ

"हत्ती सापडत नाही," कौस्तुभनं पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवलं. "सर, सगळीकडे हेच येतंय."

विरारच्या त्या शाळेच्या संगणकखोलीत दहा यंत्रं होती आणि दहाही तेच सांगत होती. कोपऱ्यातला थोराड सर्व्हर म्हणजे हत्ती. मुलांची नावं, जन्मतारखा, गुण, सगळं त्याच्या पोटात; बाकीच्यांनी मागायचं, त्यानं द्यायचं. चार वर्षांपूर्वी, दोन हजार साली तो आला तेव्हा पाचवीच्या मुलांनीच त्याचं बारसं केलं होतं. काल कौस्तुभनं त्याच्यावर डेटाबेसचं नवं व्हर्जन चढवलं, आणि आज त्याच्यापर्यंत कुणी पोचेना. उद्या शाळा उघडायची होती.

सुधाकर सर निवृत्त झाले होते, तरी ही खोली तेच सांभाळत. पण आज त्यांचं लक्ष मागच्या बाकाकडे होतं. तिथं त्यांची पत्नी बसली होती. मांडीवर पाण्याची बाटली, तशीच भरलेली.

"जयवंती," सरांनी हाक मारली. "अगं, दोन घोट पाणी पी."

ती खिडकीकडे पाहत राहिली. सकाळपासून अशीच. घरी एकटी ठेवायची सोय उरली नव्हती, म्हणून ते तिला बरोबर आणत. या उकाड्यात संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागच्या खेपेला सुई टोचताना ती लहान पोरीसारखी किंचाळली होती, आणि सरांनी तिचे हात धरून ठेवले होते.

"वायर बघितलीस?" सरांनी विचारलं.

"बघितली. हत्तीसमोर बसून उघडलं तर सगळं जागच्या जागी आहे, एक नोंदही हललेली नाही. लांबून हाक मारली की मात्र गप्प."

"तूही सातवीत असाच होतास. हजेरीला तीनदा नाव घ्यावं लागायचं."

कौस्तुभ हसला. मग त्याला काहीतरी सुचलं. प्रत्येक यंत्राला नावाखेरीज एक नंबर असतो. त्यानं नाव सोडून हत्तीचा नंबर टाकला. पडद्यावर भराभर चार ओळी उमटल्या.

"ओ दिली! म्हणजे तो ऐकतोय, सर. फक्त नावाला ओ देत नाही." त्यानं जीभ चावली. "माझीच चूक. नवं टाकताना त्यानं नाव विचारलं. हत्ती काय लिहायचं, म्हणून मी जरा शहाण्यासारखं नाव दिलं. आता तो नवं नाव लावून बसलाय, आणि ही दहा जणं जुन्याच नावानं ओरडतायत."

"मग?"

"एक तर या दहांना नवं नाव शिकवायचं. नाहीतर त्याची जुनी ओळखही लिहून ठेवायची, म्हणजे दोन्ही नावांना ओ देईल. पाच मिनिटांचं काम."

"नाव बदललं म्हणून जुनं कशाला पुसायचं," सर म्हणाले.

त्यांना ताटातले तांदूळ आठवले. लग्नात, सगळ्यांसमोर, त्यांनी अंगठीनं त्या तांदळांवर 'जयवंती' लिहिलं होतं. नाव त्यांनीच निवडलं होतं. जूचंद्रच्या मिठागरावरची मुलगी मास्तरांच्या घरात येणार, तर नाव जरा शोभायला हवं. बोलणंही. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी तिच्याकडून 'पाणी' घोटवून घेतलं होतं. पानी नव्हे. जीभ वर, टाळूला लाव. पुन्हा म्हण. ती शहाणी विद्यार्थिनी होती. नंतर चाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

"झालं, सर!" कौस्तुभ म्हणाला. दहाही पडद्यांवर मुलांच्या नावांची यादी उघडली होती.

सर उठले. मागच्या बाकापाशी जाऊन तिच्या शेजारी बसले. तिचं माहेरचं नाव त्यांनी आजवर कधी उच्चारलंच नव्हतं.

"कमळी," ते म्हणाले.

"ओ!"

इतकी मोकळी ओ, की कौस्तुभनंही मान वळवली. तिनं सरांकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, आणि त्यात ओळख नव्हती.

"तुमी कोन? बापूस मिठागरान गेलाय. सांजंला येल."

"बरं," सर म्हणाले.

तिनं त्यांचा घामेजलेला चेहरा न्याहाळला. मग मांडीवरची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि पुढं केली. "उन्हाचं आलाव. पानी देऊ?"

सरांची जीभ सवयीनं टाळूकडे गेली. तिथंच थांबली.

"दे," ते म्हणाले. "पानी दे. आनि थोडं तू पन पी."