ट्रकची किल्ली

"किल्ली दे," गोदामाच्या धक्क्याला ट्रक लागताच माल उतरवणाऱ्या हौसाबाईंनी ड्रायव्हरपुढे हात केला.

गेल्या आठवड्यात माल अर्धाच उतरला असताना दुसऱ्या एका ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली होती. हौसाबाईंची जोडीदारीण खोक्यासकट गाडी आणि धक्क्यामधल्या फटीत पडली आणि तिचा पाय कापावा लागला. "बाईचं लक्ष नव्हतं," मॅनेजर म्हणाले होते.

आज तेच मॅनेजर धावत आले. "गोदाम काय तुमच्या बापाचं आहे? किल्ली परत करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

हौसाबाईंनी किल्ली मुठीत आवळली. "गोदाम तुमचंच हो, पण पाय आमचे आहेत. शेवटचं खोकं उतरेपर्यंत किल्ली माझ्याकडंच राहील."

मॅनेजर ड्रायव्हरवर ओरडले, "अरे, माग की तिच्याकडून!"

ड्रायव्हर खाली उतरला आणि भिंतीला टेकून बसला.

"सावकाश उतरवा, मावशी," तो म्हणाला.